मुकादमाच्या खुणा

घळीच्या तोंडाशी उकिडवा बसून तो माणूस दगडावर दगड रचत होता, आणि तिला तो अगदी देवासारखा भेटला असं वाटलं.

सकाळपासून ती एकटीच चढत होती. रान संपलं, मग कमरेएवढं ओलं गवत लागलं, त्यातून चालताना पँट मांडीपर्यंत भिजली. आता समोर काळा कडा उभा होता आणि त्या कड्याला वरपासून खालपर्यंत घळीच घळी... सगळ्या एका छापाच्या. या डोंगराकडे सहसा कोणी फिरकत नाही. पायवाट गवतात कधी विरते ते कळत नाही, पाटी तर औषधालाही नाही. खूण म्हणून काही असेल तर घळींच्या तोंडाशी रचलेल्या या दगडांच्या राशी. त्या रचणारा भला माणूस आज प्रत्यक्ष समोर होता.

“तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही,” ती धापा टाकत म्हणाली. “आजकाल कोण करतं हो दुसऱ्यासाठी एवढं?”

त्याने मान वर केली. उन्हाने रापलेला चेहरा, भुवईवर मातीचा फराटा, आणि डोळे किंचित बारीक केलेले. कोणी आभार मानण्याची त्याला सवय नसावी. “त्यात काय,” तो म्हणाला.

ती हसली आणि त्याला वळसा घालून घळीत शिरली.

“अहो... वर कुठे?”

“शिखरावर.”

“इथून?”

“इथूनच ना. तुम्ही खूण केलीत की.”

“खूण केलीय म्हणूनच विचारतोय. वर कुठे?”

ती थांबली. तो उठून उभा राहिला, तळहात पँटला पुसले आणि लहान मुलाला समजवावं तसं सांगू लागला. खाली डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याचं काम चाललंय, त्या टोळीवर तो मुकादम. रस्ता खचला, की त्याच्या तोंडाशी दगड रचायचे. येणाऱ्याने समजायचं, की इकडून बंद आहे. गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी तो या डोंगराची वाट शोधतोय. एकेका घळीत चढायचं, वर बंद निघाली की खाली येऊन दगड रचायचे.

“म्हणजे,” ती अगदी सावकाश म्हणाली, “जिथे दगड, तिथे जायचं नाही?”

“अर्थात. आता दगड बघून कोणी आत शिरतं का?”

“ती वाळक्या झाडाजवळची घळ?”

“पुढे सरळ भिंत आहे.”

“माहितेय मला. त्या भिंतीला नाक लावून परत आलेय मी. आणि पाणी झिरपतं ती?”

“ती तर फारच वाईट. म्हणून तिथे दगड जास्त रचलेत.”

“म्हणून तिथे मी जास्त विश्वासाने गेले.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पहिल्या खेपेला ती काम करायची त्या दुकानातल्या दोघी सोबत होत्या. त्या भिंतीखाली बसून त्यांनी तिला जे ऐकवलं, ते ती अजून विसरली नव्हती. दुसऱ्या खेपेला दादा आला होता. तो परतताना सारखा गुडघा चोळत होता आणि घरी पोचल्यावर वहिनीला म्हणाला होता, “आपली अर्धी नेहमीप्रमाणे अर्ध्यातून परत.”

अर्धी हे तिचं घरातलं नाव. ते काही उगाच पडलं नव्हतं. गाणं शिकायला गेली, दोन वर्षांत सोडलं. कॉलेज एक सोडून दुसरं धरलं. स्वेटर विणायला घेतला, त्याला बाह्या यायच्या आतच लोकर कपाटात गेली. गेल्या वर्षी ठरत आलेलं लग्नसुद्धा तिने तसंच सोडलं; भांडण नाही, तंटा नाही, फक्त त्याच्या फोनना उत्तर देणं हळूहळू थांबवलं. त्या मुलाला निदान तोंडावर नाही म्हणायला हवं होतं, हे तिला अजून सलत होतं. आणि म्हणूनच तिने या डोंगराचा चंग बांधला होता. एक गोष्ट, फक्त एक गोष्ट, शेवटपर्यंत न्यायची. आज सोबत कोणी नव्हतं आणि वहिनीला ती सांगून आली होती, की वर जाऊनच येईन.

आणि ही दोन वेळची फजिती या दगड रचणाऱ्याने केली होती.

“हसताय का?” तिने विचारलं.

“नाही.” पण ओठाचा कोपरा ऐकत नव्हता. “वर्षभर मी विचार करत होतो, एवढ्या ठिकाणी बंद लिहून ठेवलंय तरी पावलं आतच का गेलेली दिसतात. म्हटलं, कोण एवढं हट्टी आहे...”

मग तिलाही हसू आलं. रागवायचं राहूनच गेलं. पण त्याला ती रास मात्र तिने तिथल्या तिथे मोडायला लावली.

“आता कुठली घळ उरलीय?” तिने विचारलं.

“एकही नाही. ही शेवटची होती.” तो दगडावर बसला. “मी हात टेकले. याला वाट नाहीच बहुतेक.”

“आहे.”

“एवढं खात्रीने?”

“खालच्या पठारावरून दिसते. घळीतून नाहीच ती. या दोन घळींच्या मध्ये जी सोंड उतरलीय ना, तिच्यावरून गवताची एक हिरवी पट्टी तिरकी वर जाते. मग थोडा उघडा कातळ, आणि त्याच्यावर माथा. मी घळींच्या नादात तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ती बघा... अजूनही थोडी दिसतेय.”

तो बघत राहिला. डोळे बारीक करून, मान वाकडी करून, कपाळावर आडवा हात धरून. “कुठे?”

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. असे डोळे बारीक करणारे रोज तिच्यासमोर खुर्चीत बसत आणि आपल्याला सगळं लख्ख दिसतं असं छातीठोक सांगत. ती चार पावलं मागे गेली, मग आणखी दहा, आणि हात वर केला. “किती बोटं?”

“...हात आहे तो.”

“मुकादम, तुम्हाला लांबचं दिसत नाही.”

“छे. सगळ्यांना एवढंच दिसतं.”

“सगळ्यांना झाडाची पानं सुटी सुटी दिसतात.”

तो खालच्या रानातल्या झाडांकडे बघत राहिला. “खरंच?” त्याने विचारलं. वर्षभर हा माणूस न दिसणाऱ्या डोंगरावर वाट शोधत होता. तेही एकेक घळ हाताने चाचपून.

“चला,” ती म्हणाली. “वाट मी बघते, पाय कुठे ठेवायचा ते तुम्ही सांगा. मी लांब बघत चालते आणि जवळच्या दगडावरून पडते. आज तीनदा पडलेय.”

“ते दिसतंय.” त्याने तिच्या मळक्या कोपराकडे बघितलं. “जवळचं मला चांगलं दिसतं.”

सोंडेवर चढणं म्हणजे नाकी नऊ येण्याचंच काम होतं. तो पुढे. प्रत्येक दगड आधी टाचेने ठोकायचा, कान देऊन ऐकायचा, मग वजन टाकायचा. ती मागून सांगायची, आता डावीकडे, आता त्या पिवळ्या गवताच्या वरून, आता सरळ. धुकं मधूनच खालून वर सरकत यायचं आणि गालांना ओलसर लागून निघून जायचं. एका बाजूला कडा होता, दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं.

“तो नको,” तो मागे न बघता म्हणाला. “पोकळ वाजतोय.”

“तुम्ही माणसांनाही असं ठोकून बघता का?”

“माणसं न ठोकताच वाजतात.”

“मग मी कशी वाजतेय?”

तो थांबला. वळला. ती नको तितकी जवळ उभी होती, कारण पट्टीवर दुसरीकडे उभं राहायला जागाच नव्हती. “दमल्यासारखी,” तो म्हणाला, आणि तिच्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली. त्याच्या शर्टाला डांबराचा आणि ओल्या गवताचा वास येत होता. तिला तो आवडला, आणि आवडल्याचं तिच्या ताबडतोब लक्षातही आलं. तिने स्वतःला दटावलं, की आधी डोंगर.

गवत संपलं आणि कातळ लागला. उभाच म्हणावा असा, ओलसर, खोबणीखोबणीचा. इथे तो पुढे, ती मागे असं चालण्यात अर्थ नव्हता. खोबण्या खालून तिलाच दिसत होत्या, म्हणून ती आधी गेली. हात, पाय, हात, पाय. शरीराला जणू वाट पाठ होती. शेवटी ती अंग पोटावर ओढत वरच्या कडेवर चढली आणि मान वर केली. पुढे नुसतं आखूड गवत, थोडासा उतार, आणि त्यापलीकडे आभाळ. धावत गेली असती तर श्वास घेण्याआधी माथ्यावर पोचली असती.

खालून काही आवाज येत नव्हता. तिने वाकून बघितलं. तो अर्ध्यावर होता. दोन्ही हात कातळाला चिकटलेले, उजवा पाय शिवणयंत्रासारखा थरथरत होता. धुकं त्याच्याभोवती दाटलं होतं.

“वरच्या खोबण्या दिसत नाहीत मला,” तो म्हणाला. आवाज शांत ठेवण्याची त्याची धडपड तिला ऐकू आली. “तुम्ही जा वर. मी हळूहळू उतरतो.”

उतरता येणार नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. आणि खोटं कशाला बोला, क्षणभर तिची मान माथ्याकडे वळलीच. एवढंसं गवत. आधी तिकडे जाऊन यायचं, मग याच्याकडे बघायचं. कोण विचारणार होतं? पण तो पाय थरथरत होता, आणि तेवढ्यात तो सुटला तर... तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ती कडेवर पोटावर पडली, डोकं खाली काढलं. “ऐक,” ती म्हणाली. “वर बघू नकोस. मी सांगते तेवढंच कर. डावा हात सोड.”

“नाही सोडवत.”

“सोड. उजव्या पायावर उभा राहा, टाच खाली दाब. थरथर थांबेल. हां... आता डावा हात डोक्यावर, कानाच्या रेषेत. अजून वीतभर. तिथे खोबण आहे. मिळाली?”

“...मिळाली.”

“ठोकून बघ.”

त्याने बोटांनी ठोकलं. “भरीव आहे.”

“मग ये. घाई नाही आपल्याला.”

एकेक हात, एकेक पाय. ती सांगत होती, तो ऐकत होता. घसा कोरडा पडला तरी ती बोलायची थांबली नाही. आपला आवाज तुटला तर तो पडेल असंच तिला वाटत होतं. त्याची बोटं कडेवर आली तेव्हा तिने मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि सगळ्या अंगाने मागे ओढलं. तो गवतावर येऊन पालथा पडला. कितीतरी वेळ दोघं तशीच पडून होती. तिच्या जिवात जीव आला, तरी मनगट सोडायचं तिच्या लक्षात आलं नाही.

“उठा,” मग ती म्हणाली. “पण आधी मी जाणार.”

आणि गेलीच. तो उठून उभा राहायच्या आत ती माथ्यावर होती. माणूस वाचवणं वेगळं आणि डोंगरावरचा पहिला नंबर त्याला देणं वेगळं. एवढं प्रेम अजून झालेलं नव्हतं.

माथ्यावर काहीच नव्हतं. चार दगड आणि वारा. आपण रडू किंवा ओरडू असं तिला वाटलं होतं, पण ती नुसती उभी राहिली आणि छाती भरून श्वास घेतला. झालं होतं. पूर्ण झालं होतं. तो शेजारी येऊन उभा राहिला तेव्हा तिला त्याला सगळं दाखवावंसं वाटलं. ती नदी, ते पुलाचं धूड, ती खेळण्यातल्यासारखी बस. तो डोळे बारीक करून तिच्या बोटामागे बघत राहिला आणि काही दिसत नसतानाही “हो, हो,” म्हणत राहिला.

“बरं झालं आज जमलं,” तो म्हणाला. “उद्या टोळी हलतेय आमची. पायथ्याचं काम संपलं.”

“कुठे?”

“लांब. डोंगर ओलांडून पलीकडे, अख्खा दिवस जातो बसने. दोनदा बदलावी लागते.”

ती खाली बसली. इतका वेळ न लागलेला वारा तिला आता बोचायला लागला. हे इथेच सोडता येण्यासारखं होतं. कोणी नावं ठेवली नसती. सुरूच न झालेल्या गोष्टीला अर्धवट सोडली असं कोण म्हणतं? खाली उतरायचं, ओळख झाली बरं वाटलं म्हणायचं, दोन-चार दिवस फोन, मग... ते मग काय असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं.

“मला तुम्ही आवडलात,” ती म्हणाली. “उद्या जाताय म्हणून आजच सांगतेय. नाहीतर चार रविवार तरी झुलवलं असतं.”

तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि ते थंडीने नव्हतं.

“मघाशी तुम्ही मला अरे-तुरे करत होतात,” तो म्हणाला.

“घाबरले होते.”

“मला बरं वाटलं. म्हणजे... मी वर आलो तो त्याच्यामुळेच आलो. खोबण्यांमुळे नाही.” तो थांबला. गवताची काडी तोडली, दुमडली, टाकून दिली. “मलाही आवडलात तुम्ही. पण तिकडे येणं सोपं नाही. बस चुकते, रस्ते अर्धे उखडलेले, माझी सुट्टी एकच दिवस. बघा, कधी जमलं तर—”

“जमलं तर नाही. पुढच्या रविवारी येते.”

“पुढच्याच?”

“शनिवारी रात्रीच निघेन. बस चुकली तर दुसरी धरेन. तीही चुकली तर विचारत विचारत येईन. पण येईन.”

तो तिच्याकडे बघत राहिला. एवढ्या जवळून त्याला सगळं स्पष्ट दिसत होतं, आणि त्याने नजर काढून घेतली नाही. शेवटी तिलाच खाली बघावं लागलं.

“चला,” ती उठत म्हणाली. “तो कातळ टाळून दुसरीकडून उतरायला मिळतंय का बघू. पुढच्या रविवारी मला दोन बस बदलायच्यात, आज पाय मोडून चालणार नाही.”

तो पुढे झाला. दोन पावलं खाली उतरून त्याने एक दगड टाचेने दाबून बघितला, त्यावर नीट उभा राहिला आणि तिच्याकडे हात वर केला.

“ये,” तो म्हणाला.