दोन गुणांची सूज

त्यांची पहिली भेट एका बेशुद्ध कुत्र्याच्या दोन टोकांना झाली. जनावरांच्या दवाखान्याची लिफ्ट बंद होती. ती सर्जन, म्हणून डोक्याकडे. तो तपासणी विभागातला डॉक्टर, जिन्यात सापडला म्हणून शेपटीकडे.

"जड आहे हो," तो म्हणाला.

"मी सकाळपासून उचलतेय. तुम्ही एक मजला उचला."

इतक्या गोड बोलण्यानंतर माणूस प्रेमात पडला नाही तरच नवल.

तिचा प्रबंध चालू होता. टाक्यांचे दोन दोरे – एक अंगात लवकर विरघळणारा, एक उशिरा – कोणत्याने जखम चांगली भरते? चाळीस कुत्री-मांजरं. टाके ती घालणार. पण सूज मोजायला असा माणूस हवा होता, ज्याला कुठे कोणता दोरा आहे हे ठाऊक नाही. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. निवड झाली.

सुजेला गुण शून्य ते तीन. दोन पडले, की तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून जखम पुन्हा बघायची, असा नियम.

म्हणून ती त्याच्या खोलीत येऊ लागली. काखेत मांजर, डोळ्यांत झोप. त्याने खुर्ची पुढे केली की बसायची आणि बसल्याबसल्या डोळे मिटायची...

"हळू," तो मांजराला सांगायचा, "डॉक्टर झोपल्यात."

"झोपले नाहीये. ऐकतेय. मांजराशी माझ्यापेक्षा बरं बोलता तुम्ही."

"मांजर उलट बोलत नाही."

सहा महिन्यांत तिच्या तीस जखमा सुजलेल्या निघाल्या. दोन्ही दोऱ्यांच्या. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी तक्ता बघितला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दोष दोऱ्यात दिसत नाही. हातात असेल."

त्या दिवशी ती मांजराशिवाय आली.

"मी सर्जरी सोडतेय. पशुखाद्याच्या कंपनीत जागा आहे. मावशी म्हणते, बसून काम, स्थळंही बरी येतील. उद्या होकार कळवायचाय." ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. "घरी उशीच्या खोळीवर गाठी मारून बघते हल्ली. बारा वर्षं टाके घालतेय... आणि आता हात गेला माझा."

त्याने पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

"हात उत्तम आहे."

"दोन-दोन गुण तुम्हीच दिलेत ना!"

"सूज... तितकी नव्हती. बहुतेक ठिकाणी एक. काही ठिकाणी नव्हतीच. पण एक दिला, की तुम्ही परत येत नाही."

खालच्या मजल्यावर कुणीतरी भुंकलं. बहुधा कुत्रा.

"मला बघायला माझ्या प्रबंधाची वाट लावलीत?"

"हो."

"चहाला विचारता येत नव्हतं?"

"विचारणार होतो. तुम्ही झोपलेल्या असायचात."

तिला हसू आलं नाही. ओरडायचं होतं, पण तेवढं त्राण नव्हतं.

"माफ करा म्हणणं कमी पडेल," तो म्हणाला.

"पडेल."

जखमांचे फोटो होते, म्हणून निभावलं. ते दाखवून गुण दुसऱ्या कुणाकडून घ्यायचे, त्यासाठी अर्ज. तिने टेबलावरचा छापील अर्ज ओढला. निरीक्षक बदलण्याचं कारण?

"प्रकृती, असं लिहा."

"खोटं तुम्ही पुरेसं लिहिलंत." तिने लिहिलं – निरीक्षक तटस्थ राहिलेला नाही. "सही करा."

"चौकशी होईल माझी."

"व्हायलाच हवी."

"हो," म्हणून त्याने निमूट सही केली.

खाली आणखी एक प्रश्न होता. संशोधक स्वतः तटस्थ आहे का? होय / नाही. तिचं पेन तिथे अडलं.

"तिसऱ्या दिवशी कधीच सूज दिसायची नाही," ती कागदालाच सांगू लागली. "वाटायचं, उतरली. म्हणजे आता निघावं लागणार... मग मीही उगाच वीस मिनिटं शोधत बसायचे."

तो बोलला असता तर बिघडवलं असतं, एवढं त्याला कळलं.

"कंपनीला उद्या नकार कळवते," ती म्हणाली आणि 'नाही'वर खूण केली.