दुसरीची बाही

आपल्या जुन्या खटल्याच्या निकालाबद्दल विचारणाऱ्या रेश्मा मुजावरच्या पत्राला मगदूमसाहेबांनी उत्तरच दिलं नव्हतं. कामगार न्यायालयातून निवृत्त झालेल्या न्यायाधीशानं आपल्याच निकालावर बोलू नये, असं ते स्वतःला सांगत राहिले. खरं कारण भीती होती. आपल्या एखाद्या ओळीनं त्या बाईचं नुकसान झालं असलं तर?

शेवटी एका रविवारी सकाळी तीच कोल्हापुरातल्या त्यांच्या घरी आली. त्यांच्या पत्नी इंदूताई यंत्रबाही चढवून भरलेलं पिंप सरकवत होत्या. मनगटापासून खांद्यापर्यंतची ती बाही घालणाऱ्याच्या हालचाली शिकते आणि हाताला जोर देते. आता घरोघरी झाली होती.

रेश्मा दारातूनच म्हणाली, "काकू, ही तुमचीच न्हवं? दुसऱ्या कुणाला घालू देऊ नगा."

"यांना म्हणतेस? हे पुस्तकाखेरीज काही उचलत नाहीत."

साहेब ओशाळून हसले.

शिरोलीच्या फाउंड्रीत रेश्मा वाळूचे साचे उचलायची. पाळी बदलताना चालू बाही तशीच पुढचीच्या हाती द्यायची, ही तिथल्या बायकांची रीत. बंद केलेली बाही जागी व्हायला वेळ घेते आणि लोखंडाचा रस तेवढा थांबत नाही. त्या दिवशी तिच्याकडे डावखुऱ्या शेवंताची बाही आली. शेवंताचा उजवा हात साचा नुसता टेकवून धरायचा आणि उजव्या हातातली ती बाही तेवढंच शिकली होती. रेश्मानं त्याच हातानं साचा उचलायला घेतला, तर बाही उलटी वळली आणि खांदा कायमचा अधू झाला.

साहेबांनी फाउंड्रीकडून तिला भरपाई देवविली होती. आता तिनं बाही बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला होता.

"कंपनी म्हणतीय, बाही बदलली ही माझी चूक आणि ते तुमच्याच कोर्टात ठरलंय. परत उकरायचं न्हाई. सायेब, तुम्ही चूक माझी ठरवली व्हती?"

साहेबांनी निकालाची प्रत काढली. ओळीओळीवर बोट फिरवत ती शेवटपर्यंत वाचली.

"नाही," ते म्हणाले. "भरपाईच्या खटल्यात चूक कुणाची हे विचारतच नाहीत. इजा कामावर, कामामुळे झाली का, एवढंच बघायचं. जे ठरवायची गरज नव्हती ते मी ठरवलं नाही. तो मुद्दा खुला आहे. मिळालेली भरपाई मात्र पुढच्या रकमेतून वजा होऊ शकेल."

"होऊ दे."

"आणखी एक आहे. तुम्ही शेवंताची बाही घातली होती, हे पुराव्यानं ठरलंय. त्या खटल्यात तुम्ही पक्षकार होता. ते आता तुम्हाला नाकारता येणार नाही."

"वकील म्हणतो, नाकार."

"मग?"

रेश्मा ताठ बसली. "न्हाई नाकारणार. सगळ्याच बाया बदलून घालतोय, त्याशिवाय भट्टी चालंल व्हय? माझ्या हातनं कधी एक साचा फुटला न्हाई, सायेब. आन् हे मला येंधळी म्हणत्यात. एवढ्या हातांच्या सवयी शिकतंय ते यंत्र, हात बदललाय एवढं कसं शिकलं न्हाई?"

"हा प्रश्न त्या कोर्टासाठी आहे," साहेब म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. मत दिलं नाही. निकालात काय ठरलं आणि काय ठरलं नाही, तेवढंच मांडलं. नोकरीभर त्यांना वाटे, आपण फार थोडं लिहितो, दुसरे न्यायाधीश किती भरघोस लिहितात. आज ते थोडं लिहिणं पहिल्यांदाच त्यांना भरपूर वाटलं. पण रेश्माचा ताठ कणा आठवला, तेव्हा वाटणारा अभिमान आपल्या लेखणीचा नव्हता, हेही त्यांना कळलं.

सोमवारी टपालपेटीपाशी ते क्षणभर थांबले. यंत्राला माणसांची रीत शिकवायची, की माणसांनी यंत्रासाठी रीत सोडायची? कोर्ट काय म्हणेल?

त्यांनी पत्र पेटीत टाकलं.