तोलछाप

बाहेरून पाहिलं तर ती दूधसंघाची गाडी वाटावी. पांढरी, चौकोनी, बाजूला पुसट झालेलं गाईचं चित्र. जयसिंगपूरच्या अलीकडे, उसाच्या दोन फडांमधली बैलगाडीवाट जिथे हमरस्त्याला मिळते, तिथे ती त्या शनिवारी सकाळपासून उभी होती. मागच्या दाराला रुपयाएवढं भोक होतं आणि त्या भोकामागे डॉ. शर्वरी मगदूम हिची कित्येक वर्षांची मेहनत डोळा लावून बसली होती. यंत्राचं सरकारी नाव ‘फिरते वेगमापक प्रकाशयंत्र’. रस्त्यावरची पोरं त्याला टिप्या म्हणायची, आणि सरकारी कागद सोडले तर शर्वरीही टिप्याच म्हणायची.

मोटारी स्वयंचालित झाल्यापासून त्यांनी वेगमर्यादा मोडणं सोडून दिलं होतं. त्यांना तशी बुद्धीच दिलेली नव्हती. मोटारसायकल मात्र कुणाला स्वयंचालित करता आली नाही, कारण तिला तोल सांभाळायला माणसाचं अंग लागतं. त्यामुळे राज्यातल्या रस्त्यांवर पकडण्यासारखे उरले ते फक्त मोटारसायकलवाले, आणि ते भलतेच चलाख निघाले. मागे बसलेला दोस्त नंबरप्लेटवर तळहात ठेवायचा. समोरून येणारा दिवा लुकलुकवून पुढे गाडी उभी असल्याचं सांगायचा. हेल्मेटमुळे तोंड दिसायची सोय नव्हती. वेग कळायचा, माणूस कळायचा नाही.

टिप्याला माणूस कळत होता. निदान शर्वरीचा तसा दावा होता, आणि तो तपासायला पुण्याहून मान्यता समितीचे अध्यक्ष प्रा. यशोधन नाडगौडा आले होते. उंच, सावकाश बोलणारे, आणि चहात साखर आहे का हे विचारल्याशिवाय कप हातात न घेणारे गृहस्थ.

“मोटारीचं तोंड रुंद असतं,” शर्वरी त्यांना सांगत होती. “प्रकाशाचा ठोका गेला, आदळून परत आला. पुढचा ठोका किती लवकर परतला ते मोजलं, की वेग निघाला. मोटारसायकल अरुंद, आणि ती कधी सरळ चालतच नाही. सरळ जातेय असं वाटतं तेव्हाही ती सारखी कुठल्या तरी बाजूला कलंडत असते आणि चालवणारा तिला सावरत असतो. आमच्या धंद्यात त्या थरथरीला गोंगाट म्हणतात. आजवर सगळ्यांनी तो गाळून फेकून दिला.”

“आणि तुम्ही?”

“मी वेग बाजूला ठेवला आणि गोंगाट ठेवून घेतला. प्रत्येकाची सावरण्याची लय वेगळी असते, सर. कुणी आधी खांदा देतो, कुणी कंबर. ही तोलछाप. बोटांच्या ठशासारखी, फक्त ती पक्की व्हायला वर्षं लागतात. तोवर यंत्र त्या माणसाला ‘शिकाऊ’ म्हणतं.”

नोंदणीसाठी काही जणांनी आपल्या तोलछापा दिल्या होत्या. त्यात शर्वरीची स्वतःची होती आणि सहायक निरीक्षक तबस्सुम मुल्लाणी यांचीही होती. सगळे एकेक करून समोरून गेले, टिप्याने सगळ्यांना नावानिशी ओळखलं. नाडगौडांनी दुसरा चहा मागितला. शर्वरी मनातून सुखावली.

तेवढ्यात ती गाडी आली. जुनी, पेट्रोलवरची, काळी कुळकुळीत. वर काळं जाकीट, काळं हेल्मेट. ऐंशीची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ती एकशे बाराने आली, वळणावर अशी अलगद झुकली की मुल्लाणींच्या तोंडून कौतुकाचा उद्गार निघाला, आणि गेली.

“नंबरप्लेटला टोपडं घातलंय बगा,” मुल्लाणी म्हणाल्या. “लोकरीचं. माझ्या नोकरीत हे पयल्यांदाच बगितलं.”

टिप्याने किर्र आवाज केला आणि पडद्यावर नाव उमटवलं: शर्वरी मगदूम.

शर्वरी हातात कप घेऊन नाडगौडांच्या शेजारी उभी होती. नाडगौडांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ते हसले नाहीत, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. निर्दोष माणसाच्या नावावर गुन्हा टाकणाऱ्या यंत्राला आपण मान्यता देऊ शकत नाही, असं त्यांनी सौम्यपणे सांगितलं. पुढच्या शनिवारी शेवटची बैठक इथेच होईल. तोवर हा स्वार सापडला आणि चूक का झाली ते कळलं तर ठीक, नाही तर टिप्या गोदामात.

शर्वरी दोन दिवस डोकं खाजवत बसली. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की प्रश्न यंत्राचा नाहीच, शिकण्याचा आहे. पाटीवर हात धरून गिरवायला लावलेलं अक्षर जन्मभर त्या हाताचं वळण सोडत नाही. गाडीचंही तसंच. शिकवणारा मागे बसतो, आपले हात शिकणाऱ्याच्या हातांवर ठेवतो, आणि शिकणाऱ्याचं अंग त्याची लय उचलतं. तिला गाडी शिकवली होती तिच्या वडिलांनी, अण्णांनी. आणि अण्णांनी एकट्या तिलाच नव्हे, अर्ध्या जयसिंगपूरला शिकवली होती, हौसेने आणि फुकट. निवृत्त झाले तरी संध्याकाळी स्टेडियमच्या मैदानावर कुणा ना कुणाच्या मागे बसलेले असायचे.

तिने नाडगौडांना फोन केला. त्यांच्या आवाजात प्रथमच रस आला. नक्कल झाली की मूळ थोडं बिघडतं, ते म्हणाले. नकलेची नक्कल आणखी बिघडते. म्हणजे कोण कुणाकडून शिकला याची उतरंड लावता आली पाहिजे. अण्णांची छाप घ्या.

अण्णांना बोलावलं ते आईला मागे घेऊनच आले. आई नेहमीप्रमाणे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी धरून बसली होती. शर्वरीने जन्मापासून तिला तशीच पाहिली होती. वळण आलं की ती अण्णांच्या खांद्यावर थोपटायची आणि अण्णा कुरकुरायचे.

“मागं बसून गाडी हीच चालवती,” आजही ते उतरता उतरता मुल्लाणींना म्हणाले. “मी आपला नुसता हँडल धरून बसतो.”

आधी दोघांची एक फेरी झाली, मग अण्णांची एकट्याची. उतरंड लागली, पण उलटी लागली. अण्णांची छाप त्या काळ्या स्वाराच्या छापेची नक्कल होती आणि शर्वरीची अण्णांच्या छापेची. टिप्याच्या हिशेबाने तो स्वार अण्णांचा चेला नव्हताच. तो अण्णांचा गुरू होता.

“अण्णा, तुम्हाला गाडी कुणी शिकवली?” शर्वरीने विचारलं.

“मला कोण शिकवतंय? माझा मीच शिकलो,” अण्णा म्हणाले. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. कृष्णेच्या घाटामागच्या माळावर, पडत धडपडत, गुरूविना. नव्या पोराला पहिल्या दिवशी अण्णा हीच गोष्ट सांगायचे, म्हणजे पोराला धीर यायचा.

घरी जेवताना शर्वरीने सगळं सांगितलं. यंत्र अस्तित्वातच नसलेला गुरू दाखवतंय, म्हणजे ते चुकतंय, म्हणजे शनिवारी सगळं संपलं. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. अण्णा आमटीत भाकरी चुरत राहिले, पण खाईनात. पलीकडे आई बाळंतविड्याचं विणत बसली होती. तिच्या सुया मध्येच थांबल्या आणि जरा वेळाने पुन्हा चालू झाल्या.

शनिवारी शर्वरी सगळ्यांच्या आधी उसातल्या वाटेवर पोचली. निरोप घ्यावा तशी तिने टिप्याची एकेक नोंद उघडून पाहायला घेतली. अण्णा आणि आई, दोघांची फेरी. त्याखाली यंत्राने आपल्या शिस्तीप्रमाणे एक ओळ लिहिली होती: मागील स्वाराच्या हालचाली गोंगाट म्हणून गाळल्या.

ती शिस्त तिनेच लावली होती. मागे बसणारा माणूस गाडी चालवत नाही, त्याचं काय मोजायचं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. जगाने स्वाराची थरथर फेकून दिली म्हणून ती जगाला हसली होती, आणि स्वतः तिने आख्खा माणूसच फेकून दिला होता.

तिने गाळलेला भाग परत मागवला आणि काळ्या स्वाराच्या छापेशेजारी ठेवला. दोन्ही रेघा एकमेकींवर अशा बसल्या की दोन आहेत हे दिसेना. प्रत्येक वळणावर मागच्या सीटवरचं अंग आधी झुकत होतं आणि पुढचं अंग निमूट त्याच्या मागून जात होतं. थोपटणं नव्हतंच ते. आज्ञा होती.

आई दर शनिवारी सकाळी उदगावला मावशीकडे जायची, भजनाला. मावशीच्या गोठ्यात आजोबांची जुनी मोटारसायकल ताडपत्रीखाली होती. मिरजेला त्या आजोबांचं, आईच्या वडिलांचं, गॅरेज होतं. सगळं माहीत असलेलंच होतं, फक्त कुणी ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

शर्वरीला आधी इतका आनंद झाला की ती एकटीच गाडीत हसत सुटली. मग तिच्या लक्षात आलं की हे सांगितलं तर टिप्या वाचेल, पण अण्णांची गोष्ट मरेल. गाव म्हणेल, अण्णा आयुष्यभर थापा मारत आले. आणि आईचं जे काही एकटीचं होतं ते चार लोकांत उघडं पडेल. हे आपलं नव्हे, तिचं गुपित आहे. शर्वरीने नोंद मिटली. समिती आली, अण्णाही साक्षीदार म्हणून येऊन बसले, आणि ती उभी राहून म्हणाली की स्वार सापडलेला नाही, मी दिलगीर आहे.

नाडगौडांनी खिशातून पेन काढलं.

त्याच वेळी रस्त्यावरून तो आवाज आला. काळी गाडी दुरून दिसली, पण आज ती सुसाट नव्हती. ती मर्यादेत आली, डावीकडचा दिवा लुकलुकवला, बैलगाडीवाटेला वळली आणि समितीच्या खुर्च्यांसमोर येऊन थांबली. स्वाराने स्टँड लावला, हेल्मेट काढलं, आणि विस्कटलेला अंबाडा एका हाताने सारखा केला.

“माझीच गाडी ती,” आई म्हणाली. “पोरीचं यंत्र बरोबर हाय. एकशे बारा मीच गेले हुते.”

मुल्लाणींनी वाकून नंबरप्लेटवरचं टोपडं काढलं आणि त्याची वीण निरखत उभ्या राहिल्या. नाडगौडांनी पडद्याकडे पाहिलं. टिप्याने या वेळी नाव लिहिलं नव्हतं, कारण नाव त्याला माहीत नव्हतं. त्याने लिहिलं होतं: मूळ छाप.

शर्वरी अण्णांकडे पाहायचं टाळत होती. शेवटी पाहिलं. अण्णा खुर्चीतून उठले होते आणि गाडीभोवती फेरी मारत होते.

“अण्णा,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही तर म्हणायचात, माझा मीच शिकलो.”

“मग काय म्हणू?” अण्णा म्हणाले. “लग्न ठरल्यावर सासऱ्याच्या गॅरेजात गेलो तर मला गाडी येत न्हवती आणि हिला येत हुती. हिनंच मागं बसून शिकवली, घाटामागच्या माळावर. आणि हिनंच शपथ घातली, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. त्या काळात लोकांनी हिलाच नावं ठिवली असती. मी शपथ पाळली. पण मला वाटलं, लग्नानंतर हिनं सोडली.” ते बायकोकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, चक्क हेवा होता. “एकशे बारा? माझी कधी पंच्याण्णवच्या पुढं गेली न्हाई.”

“तुमी वळणाला घाबरता,” आई म्हणाली. “पयल्यापासनं.”

मग मात्र सगळेच हसले, नाडगौडासुद्धा. शर्वरीने जाऊन आईला मिठी मारली. जाकिटाला पेट्रोलचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता, आणि तिला वाटलं की आपण या बाईला आज पहिल्यांदा भेटतोय. इतका वेग कशाला, असं तिने विचारलं तेव्हा आई म्हणाली की त्या वेगाला पोचलं की गाडी हातात राहत नाही, अंगात येते. पण रस्त्यावर माणसं असतात हे तिला मान्य होतं. चूक ती चूक, पावती फाडा, असं तिनेच मुल्लाणींना सांगितलं. मुल्लाणींनी पावती फाडली, आणि शिरोळजवळच्या शर्यतीच्या धावपट्टीवर रविवारी बायकांना मोकळीक असते, तिथं मर्यादा नाही, हेही कानात सांगितलं. टोपडं त्यांनी भाचीसाठी ठेवून घेतलं.

नाडगौडांनी मान्यतेवर सही केली, एका अटीवर. यापुढे मागील स्वाराची छाप गाळायची नाही.

शर्वरीने ती दुरुस्ती त्याच आठवड्यात केली. पुढच्या शनिवारी सकाळी टिप्या नेहमीच्या जागी उभा असताना काळी गाडी आली. पुढे आई होती, अंबाडा हेल्मेटात नीट कोंबलेला. मागे अण्णा जन्मात पहिल्यांदाच एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसले होते. वळण आलं तसं त्यांनी आईच्या खांद्यावर थोपटलं, पण चुकीच्या वेळी, आणि आईने खांदा झटकला. गाडी जराही न डगमगता निघून गेली.

टिप्याने किर्र आवाज केला आणि नोंद उमटवली.

वेग: एकोणऐंशी. चालक: मूळ छाप. मागील स्वार: शिकाऊ.