पाणबुडीच्या पाटीवरचं चौथं नाव

देशाकडे एके काळी सहा पाणबुड्या होत्या. पाच भंगारात गेल्या, सहावी किनाऱ्यावर ओढून तिचं संग्रहालय केलं. तिच्यावर चार माणसं मेली होती, पण पाटीवर तीनच नावं कोरायची ठरली होती.

"चौथे माझे वडील," समोरची बाई वहिनींना म्हणाली. "मेकॅनिक होते. त्यांनी झडप उघडी टाकली म्हणून पाणी आत शिरलं, असं कप्तानांच्या नोंदवहीत आहे. पाटी उद्या कोरतायत. खरं असेल तर खरं सांगा, पण एकदा बघा."

वाण्याला यादी सांगावी तसं ती सांगत होती. भाऊजींना ते ऐकवेना. वहिनी खासगी तपास करायच्या. त्यांचे हे दीर निवृत्तीनंतर पिशवी सांभाळत त्यांच्यामागे हिंडायचे.

दोघं तडक संग्रहालयात गेले. प्रमुखांनी वही काढली. पानं पेन्सिलीने भरलेली, फक्त ती एक ओळ लाल शाईत: 'रात्री दोन दहा. मेकॅनिकने झडप उघडी ठेवली.'

"अक्षर कप्तानसाहेबांचंच," प्रमुख म्हणाले. "मी तेव्हा त्यांच्या हाताखाली होतो. पण ही ओळ मी पाहिली ती बंदरात आल्यावर, आठवड्याने."

"कुणीतरी मागाहून घुसडली!" भाऊजी उसळले.

"जरा दमानं, भाऊजी. अक्षर त्यांचंच आहे म्हणतायत ना?"

म्हातारे कप्तान घरी शर्टाला इस्त्री करत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"तिथल्या तिथे लिहिलं मी. रात्री वर यायचं तर डोळ्यांना अंधाराची सवय हवी, म्हणून पांढरे दिवे बंद, फक्त लाल चालू. नियमच आहे तो."

"लिहिलेलं वाचून पाहिलंत?"

"दोनदा."

"मग उद्या सकाळी पाणबुडीवर या," वहिनी म्हणाल्या.

सकाळी सगळे नियंत्रण कक्षात दाटीने उभे राहिले. वहिनींनी पांढरे दिवे बंद करून लाल लावले आणि वही कप्तानांपुढे धरली.

"ती ओळ वाचा."

कप्तान वाकले. भाऊजींनीही मान घातली आणि चष्मा पुसला.

"अहो, पेन्सिलीचं दिसतंय. ती ओळ गेली कुठे?"

"लाल उजेडात लाल शाई दिसत नाही, भाऊजी. इथे काम करणारा माणूस म्हणूनच पेन्सिल वापरतो. साहेबांनी ती ओळ नंतर बंदरात, टेबलाशी बसून लिहिली. दिवे त्यांच्या लक्षात राहिले, शाईचं भान सुटलं."

कप्तान बाकावर बसले.

"झडप नादुरुस्त आहे, असं त्याने निघण्याआधी दोनदा सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, परत आल्यावर बघू."

प्रमुखांनी पांढरे दिवे लावले आणि कोरणाऱ्याला फोन लावला.

"रडू येईल असं वाटलं होतं," मेकॅनिकची मुलगी वहिनींना म्हणाली. "काहीच होत नाहीये. तीस वर्षं त्यांचं नाव मी तोंडातून काढलं नाही. माझ्या पोरांनाही आजोबांचं नाव माहीत नाही."

कोरणाऱ्याला पूर्ण नाव हवं होतं. प्रमुखांनी फोन तिच्या हातात दिला. तिने नाव सांगितलं. आवाज फुटलाच नाही, म्हणून तिने ते पुन्हा सांगितलं.