चष्मा घरीच राहिला

“थांबलीस का, ताई? वाच ना पुढं!”

गालांना साबण फासून आरशासमोर उभा असलेला तिचा धाकटा भाऊ, प्रांताचा बांधकाममंत्री, मान तिरपी करून विचारत होता. गेली एकोणतीस वर्षं रोज सकाळी तो दाढी करायचा आणि ताई दारातल्या स्टुलावर बसून त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. पण आजची पहिली बातमी काही केल्या तिच्या तोंडातून बाहेर पडेना.

“वाचते,” ती म्हणाली, आणि वर्गात धडा वाचावा तशा स्वच्छ आवाजात वाचू लागली. “‘शाळेच्या छताबद्दल अभियंत्यांनी दिलेला इशारा माझ्यापर्यंत पोचलाच नाही. घरी येणाऱ्या फाइली माझी थोरली बहीण चाळून ठेवते. तिचं वय झालं आहे. तिच्या हातून ते पान राहून गेलं असावं…’ मंत्र्यांचा पत्रकारांपुढं खुलासा.”

वस्तरा गालावर अडखळला. पांढऱ्या फेसात एक लाल रेघ उमटली.

“मी अगदी असं म्हणालो नव्हतो, ताई. हे लोक तिखटमीठ लावून छापतात.”

“मग काय म्हणाला होतास, छोट्या?”

त्यानं नळ सोडला आणि तोंड धुऊ लागला, बराच वेळ धूत राहिला. ताईला उत्तर मिळालं होतं!

पान राहून गेलं? सतरावं पान? अहो, ते पान तिनं त्याला एकदा नाही, तीनदा वाचून दाखवलं होतं! ‘छताच्या तुळयांना भेगा आहेत. दुरुस्ती होईपर्यंत या इमारतीत मुलांना बसवू नये.’ तिसऱ्यांदा वाचताना तर तिचा आवाज एवढा चढला होता की स्वयंपाकीण दारात येऊन उभी राहिली. तेव्हा हाच भाऊ म्हणाला होता, “उद्घाटनाची तारीख ठरली, मुख्यमंत्री यायचेत. भेगांचं नंतर बघू.” आणि त्यानं सही ठोकली. चार महिन्यांनी भर वर्गात छत कोसळलं. कोणी दगावलं नाही, पण नऊ मुली जखमी झाल्या, आणि त्यांतली एक अजून पाय टेकू शकत नव्हती.

आता मंत्री स्वतः का वाचत नव्हते, हे घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना वाचता येत नव्हतं! लहानपणापासून कागदावरची अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढं जागा बदलायची. चौथीत गुरुजी धडा वाचायला उभं करायचे, तेव्हा खिडकीबाहेर उभी राहून थोरली बहीण एकेक वाक्य कुजबुजायची आणि हा पठ्ठ्या ते खणखणीत आवाजात म्हणून दाखवायचा. एकदा ऐकलेलं तो जन्मात विसरत नसे. पुढं राजकारणात तेच त्याचं भांडवल झालं. हातात कागद न घेता तासभर आकडे सांगणारा पुढारी म्हणून लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचले. शिक्षणखातं त्यानं दोनदा नाकारलं, तर लोकांना तो त्यागच वाटला! आणि कोणी ऐनवेळी कागद पुढं केलाच, तर खिसा चाचपून तो म्हणायचा, “चष्मा घरी राहिला बघा.” तो चष्मा असा एकोणतीस वर्षं घरीच राहत आला होता.

आणि त्या चष्म्यापायी ताईचं सगळं आयुष्य घरी राहिलं… पहिल्या निवडणुकीत तिनं शाळेतली नोकरी सोडली, दुसऱ्या निवडणुकीत ठरलेलं लग्न पुढं ढकललं, आणि ते असं पुढं गेलं की परत आलंच नाही. भावजय गेली, तिची तान्ही लेक ताईनं वाढवली. या कशाचं तिला कधी दुःख झालं नव्हतं. दुःख आज झालं.

दुपारी तो तिच्या खोलीत आला आणि पलंगाच्या कडेवर बसला.

“उद्या चौकशी समितीपुढं तुला बोलावलंय. एवढंच सांग, की पान नजरचुकीनं राहिलं. तुला कोण काय करणार आहे, ताई? माझं मात्र सगळं जाईल गं…”

“एकोणतीस वर्षं मी तुझे डोळे झाले, छोट्या… आणि शेवटी माझ्याच डोक्यावर खापर फोडलंस! त्या पोरींच्या आया मला काय म्हणत असतील, याचा विचार तरी केलास का रे?”

तो खाली मान घालून निघून गेला. त्याच्या मागोमाग त्याची लेक, ताईची भाची, तणतणत आत आली.

“आत्या, बाबांसाठी उद्या जर खोटं बोललीस, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही!”

“खोटं नाही बोलणार, बाळ. तुझी शपथ.”

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत भावाबहिणीच्या खुर्च्या शेजारीशेजारी होत्या. निवृत्त न्यायाधीशांनी सतरावं पान मंत्र्यांपुढं सरकवलं.

“साहेब, हे जरा मोठ्यानं वाचा, म्हणजे नोंदीत येईल.”

त्यानं खिसा चाचपला. “चष्मा… घरी राहिला.”

“माझा घ्या की! आपण एकाच वयाचे,” म्हणत न्यायाधीशांनी आपला चष्मा काढून दिला.

त्यानं चष्मा चढवला, कागद उचलला आणि तो नुसता उभा राहिला. पंखा घरघरत होता, टंकलेखक बोटं उचलून वाट बघत होता. ताईनं मनाशी घट्ट ठरवलं होतं, आज एक अक्षर सांगायचं नाही! पण त्याच्या कपाळावर घाम डवरला, मान आपोआप खिडकीकडं वळली… तश्शीच, चौथीतल्यासारखी! आणि त्या वेड्या माउलीचे ओठ हलले.

“छताच्या तुळयांना भेगा आहेत…” ती कुजबुजली.

“छताच्या तुळयांना भेगा आहेत,” तो खणखणीत म्हणाला.

“दुरुस्ती होईपर्यंत…”

न्यायाधीशांनी हात वर केला. “ताई, कागद त्यांच्या हातात आहे. तुम्हाला तो पाठ कसा? म्हणजे तुम्ही हे वाचलं होतं! मग यांना सांगितलं नाहीत?”

मागच्या बाकावरून भाची तिच्याकडं रोखून बघत होती. ‘तीनदा’, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण शेजारी भाऊ कागद धरून अजून खिडकीकडंच बघत होता, आणि ताईच्या तोंडून भलतंच निघून गेलं…

“नाही सांगितलं. माझी चूक झाली.”

मागं भाचीनं हुंदका दिला. टंकलेखकाची बोटं खाली आली. झालं, भाऊ सुटला होता! त्यानं फक्त खुर्चीत बसायचं होतं. पण तो बसेना. त्यानं चष्मा काढला, घडी करून टेबलावर ठेवला.

“खोटं बोलतेय ती… तिला धड खोटंही बोलता येत नाही! तीनदा वाचून दाखवलं होतं तिनं. मीच म्हणालो, नंतर बघू. आणि आणखी एक लिहून घ्या. मला वाचता येत नाही. चष्म्याचा काही संबंध नाही.”

राजीनामा त्याच संध्याकाळी गेला. मोटारी गेल्या, मागंपुढं करणारी माणसं तर त्यांच्याही आधी गेली. एका सकाळी वाढल्या दाढीनं तो ताईच्या दारात येऊन उभा राहिला. ती स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होती, मनातल्या मनात.

“ताई… माफ केलंस मला?”

“नाही,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “अजून नाही, छोट्या. खूप लागलंय रे… पण एक चूक माझीही झाली. जन्मभर तुला पुढचा शब्द सांगत राहिले.”

तिनं कपाटातून सतराव्या पानाची प्रत काढून त्याच्यासमोर ठेवली. तो जमिनीवर बसला. पहिल्या अक्षराखाली बोट ठेवून तो थांबला, बोट सदऱ्याला पुसलं, पुन्हा ठेवलं.

“छ… छता… छताच्या…”

ऊन खिडकीतून सरकत दाराशी आलं, तेव्हा तो ‘मुलांना’ या शब्दापाशी पोचला होता. तिथं मात्र तो अडला. भरल्या डोळ्यांनी त्यानं वर पाहिलं, खिडकीकडं नव्हे, तिच्याकडं. ताईचे ओठ हलू पाहत होते, ते तिनं पदरानं दाबून धरले. पुढचा शब्द तिनं सांगितला नाही. स्टूल मात्र थोडं त्याच्याजवळ ओढून घेतलं.