अंगठ्याचं कुंकू

खंडेनवमीची दुपार होती. अंबडमधल्या त्या छोट्या कारखान्यात पूजा उरकून सगळी यंत्रं झेंडूच्या माळा घालून गप्प उभी होती. उद्या, दसऱ्याच्या मुहूर्तावर, मोठं लेथ पुन्हा सुरू व्हायचं होतं. त्यावर उभा राहणार होता चंदरचा धाकटा भाऊ बहिरू. बरेच दिवस घरी बसलेल्या भावासाठी चंदरनंच मालकाकडे शब्द टाकला होता. आज पूजेला तोही सोबत आला होता आणि खालीच थांबला होता.

अडलं होतं ते वरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरपाशी. तिथून प्रोग्रॅम गेल्याशिवाय खालचं लेथ चालत नसे, आणि नेटवर्क काही केल्या लागत नव्हतं.

कॉम्प्युटर दुरुस्ती हा चंदरचा धंदाच. त्यानं वायर बदलून पाहिली. पण वायरी जिथे एकत्र येतात त्या भिंतीवरच्या हबचा हिरवा दिवा लागेना. शेवटी कॉम्प्युटर बंद करून त्यानं खोका उघडला आणि आतलं नेटवर्क कार्ड उपसलं. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर कुंकवाचा रुंद, ओला ठसा होता.

त्याला हसू आलं. “मीनाताई, आतल्या कार्डाचीही पूजा केलीत होय?”

हिशेब बघणारी मीना जवळ आली आणि तिथेच थबकली.

“मी बाहेरूनच लावलं. तेही बोटानं.” तिचा आवाज खाली गेला. “अंगठ्यानं सहादूकाका लावायचे... त्यांचं करंगळीशेजारचं बोट प्रेस मशीनमध्ये गेलं होतं ना...”

सहादू त्याच लेथवरचा जुना कारागीर. श्रावणात बाही अडकली आणि लेथनं त्याला ओढून घेतलं, तो जागीच गेला. तेव्हापासून लेथ बंद होतं. चंदरला हे ठाऊक होतं. बहिरूला त्यानं सांगितलं नव्हतं.

त्यानं खोडरबरानं पट्ट्या घासून लख्ख केल्या, कार्ड बसवलं, कॉम्प्युटर चालू केला. हिरवा दिवा लागला... आणि विझला. पुन्हा बंद करून कार्ड काढलं, तर तोच ठसा. तसाच ओला. त्याला लेथच्या तेलाचा वास येत होता.

“राहू द्या,” चंदर म्हणाला. “बहिरू नाही यायचा उद्या.”

कार्ड खिशात टाकून तो निघाला. जिन्याच्या तोंडाशी त्यानं मागे पाहिलं. कॉम्प्युटर बंद, खोका उघडा, कार्ड त्याच्या खिशात. आणि हबवरचा दिवा हिरवागार, स्थिर.

तो धावतच खाली गेला. बहिरू लेथपाशी एकटाच उभा होता. त्याच्या कपाळावर कुंकू होतं. अंगठ्याएवढं रुंद.

“कोणी लावलं रे हे?”

“इथलेच कोणी बाबा होते, दादा. लय मायेनं बोलत होते.” बहिरू हसला. “म्हणले, तू आलास... आता मी मोकळा.”

चंदरनं रुमालानं त्याचं कपाळ खसाखसा पुसलं. रुमाल लाल झाला. ठसा मात्र ओलाच राहिला.