दुपारी आई कुठे जाते?

"आज पाळत ठेवायचीच!" वकील म्हणाला. "लिंबं आणायला अख्खी दुपार लागते? मला नाही पटत!"

वकील म्हणजे ताईचा चुलतभाऊ. कशावरही वाद घालायचा, म्हणून घरात हेच नाव पडलं होतं. शेजारी ताईचा धाकटा भाऊ टमाटा बसला होता. जरा काही झालं की त्याचे गाल लालबुंद व्हायचे.

"पण आईच्या मागे जायचं म्हणजे..." तो कुरकुरला.

"हळू बोल!" ताई म्हणाली. "ती निघाली बघ!"

सुट्टीसाठी सगळे तळ्याकाठच्या या भाड्याच्या घरात आले होते. आल्यापासून बाबा आणि काका पोहत होते, नाहीतर पत्ते कुटत होते, नाहीतर घोरत होते. आणि आई? आईचं घर बदललं होतं, काम तेच होतं. उलट इथला ओटा उंच, शेगडी मंद आणि सुऱ्या बोथट. बाहेरचं काकांच्या पोटाला चालत नव्हतं. त्यामुळे सकाळी अंडी, मग ओले टॉवेल, मग जेवण, मग भांड्यांचा ढीग. तो उपसेपर्यंत बाहेरून हाक यायचीच, "वहिनी, चहा होईल का?"

दुपारची भांडी झाली की मात्र आई पिशवी उचलायची. "लिंबं आणते," एवढंच म्हणायची. उन्हं कलल्यावर यायची ती लिंबं आणि एखादी जुनी वस्तू घेऊन. कधी लाकडी मुठीची सुरी, कधी टवके उडालेला निळा मग. "बघा काय सापडलं मला!" तेवढं बोलण्यापुरता तिचा चेहरा उजळायचा. मग ती कांदा चिरायला घ्यायची.

आज सकाळी तर अंडी फोडताफोडता तिने ओटा गच्च धरला होता. "काही नाही गं, जरा गरगरलं," ती म्हणाली होती. ताईच्या डोक्यातून ते काही जात नव्हतं.

आई बाजारातून सरळ चालत गेली. लिंबांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही! एका अरुंद गल्लीत जुन्या सामानाचं दुमजली दुकान होतं. खुर्च्या, आरसे, घड्याळं, सगळं एकावर एक रचलेलं. आई आत गेली आणि त्या पसाऱ्यात दिसेनाशी झाली.

तिघं समोरच्या कोपऱ्यावर दबा धरून बसले. कितीतरी वेळ गेला. टमाट्याला मुंग्या आल्या, वकिलाला तहान लागली. तेवढ्यात दुकानातून एक माणूस घाईघाईने बाहेर आला. काखेत मासे धरायच्या गळाची काठी. त्याने खाडकन शटर ओढलं, कुलूप घातलं, स्कूटरला किक मारली आणि भुर्रकन गेला!

"अहो! थांबा! आई आत आहे!" ताई ओरडत धावली. पण स्कूटर केव्हाच वळली होती.

तिघांनी शटर बडवलं. "आई! काकू! आई!"

आतून काहीच उत्तर नाही. ताईला सकाळचं आठवलं. आई गरगरून पडली तर नसेल?

शेजारचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. "काय रे पोरांनो? दुकान आता दोन दिवस बंद. दुकानवाल्या आजी गावाला गेल्यात. तो त्यांचा जावई होता. चालला तळ्यापलीकडे मासे धरायला. धक्क्यावर गाठा त्याला, होडी सुटायच्या आत!"

"टमाट्या, तू बाबांना आण!" ताई म्हणाली. "वकील, चल!"

धक्क्यावर होडीचा दोर सोडायला घेतला होता. जावईबापू ऐसपैस बसले होते.

"काका, दुकानात माझी आई अडकलीय!" ताईला धाप लागली होती.

"छे! मी हाक मारली होती. कोणी नव्हतं."

"वरती बघितलंत?"

"वर कोण कशाला जाईल? उगाच खेळ करू नका. चला, घ्या होडी!"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात वकिलाने तिला मागे ओढलं आणि तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, "जाऊ दे ताई. त्या आरसेवाल्या कपाटाच्या गिऱ्हाइकाला सांगू, आता दोन दिवसांनी या म्हणून. आजी आल्या की त्यांनाही सांगू, जावई मासे धरायला गेले होते."

"कुठलं गिऱ्हाईक?" जावईबापू ताडकन उठले. "तुम्ही आधी का नाही बोललात? थांबवा होडी!"

गल्लीत पोचल्यावर ते इकडेतिकडे पाहू लागले. "कुठाय गिऱ्हाईक?"

"आत आहे," वकील म्हणाला. "उघडा म्हणजे दिसेल!"

शटर वर गेलं. ताई सामानातून वाट काढत लाकडी जिन्याने वर धावली. तिथे एक पंखा घरघरत होता. खिडकीपाशी भल्यामोठ्या हिरव्या खुर्चीत आई होती. चपला काढलेल्या, पाय स्टुलावर, मान एका बाजूला कललेली.

"आई?" ताईने हाक मारली. तिने जवळ जाऊन आईच्या नाकापाशी हात धरला.

आई गाढ झोपली होती. अगदी बारीक घोरत होती!

मागून आलेल्या जावयांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! सासूबाई जाताना म्हणाल्या होत्या, वर एक बाई विश्रांती घेतात, त्यांना उठवू नकोस. मी साफ विसरलो! पोरांनो, तुम्ही नसतात तर..."

तेवढ्यात जिना दणाणला. टमाटा, बाबा आणि काका! बाबांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"मी म्हटलं, येईल ती," बाबा धापा टाकत होते. "मग तिला फोन लावला, तर तो ओट्यावरच वाजला..." खुर्चीकडे नजर जाताच ते थांबले. काका त्यांच्यामागे खाली मान घालून उभे राहिले.

"शाब्बास रे," बाबा हळूच म्हणाले. "तुमचं लक्ष होतं. आमचं नव्हतं."

आवाजाने आईचे डोळे उघडले. एवढी सगळी माणसं पाहून ती दचकली. "अगंबाई! किती वाजले? स्वयंपाक व्हायचाय!"

"आज मी करतो, वहिनी," काका म्हणाले. "तुम्ही उठू नका."

आईने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही सगळे इथे कसे? आणि मला उठवलं का नाही?"

"तू दमली होतीस," टमाटा म्हणाला. त्याचे गाल लालभडक झाले होते.

आईने टमाट्याचा हात धरून जरासा दाबला आणि डोळे पुन्हा मिटले. "मग अजून थोडा वेळ," ती पुटपुटली.

सगळे चपला हातात घेऊन, आवाज न करता जिना उतरले.